बाळंतपण एक, बाळं दोन

(आपल्या गटाच्या वार्षिक मेळाव्यात केलेलं भाषण. बोलण्याची भाषा शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)



आपल्याकडे कुणाला जुळं झालं की आयाबाया एक वाक्य हमखास म्हणतात, "बरं झालं बाई, एकाच बाळंतपणात सुटलीस!" म्हणणारीच्या मनात माया असते, हे मला माहीत आहे. पण या वाक्यात काय मोजलंय ते बघा. बाळंतपण मोजलंय. एकदा पोट पुढे आलं, एकदा कळा सोसल्या, एकदा टाके पडले, झालं. त्यानंतर दोन बाळांना दिवसरात्र पाजायचं, पुसायचं, निजवायचं काम कुठेच मोजलेलं नाही. ते बाईच्या अंगावर आपोआप पडतं, आणि पडलेलं कुणाला दिसत नाही. आज मला या मोजणीबद्दल बोलायचं आहे.

मी मूळची सांगलीची. लग्नानंतर २०११ साली इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात गेले. २०१४ मध्ये मला तिथे जुळ्या मुली झाल्या, ३४ व्या आठवड्यात. पुढे मी तिथल्या बाळंतिणींबरोबर काम करायला लागले. दवाखान्यात सोबत जायचं, आलेली पत्रं समजावून सांगायची, अर्ज भरायला बसायचं, असं हे काम. त्यामुळे मी बोलेन ते मुख्यतः इंग्लंडबद्दल. तिथे दर हजार बाळंतपणांमागे साधारण १४-१५ जुळ्यातिळ्यांची असतात. तुम्ही म्हणाल, एवढ्या थोड्या बायकांसाठी भाषण कशाला? तर अशासाठी, की एका बाळाच्या वेळी बाई ओढूनताणून निभावून नेते, आणि सगळ्यांना वाटतं की व्यवस्था ठीक चालली आहे. दोन बाळं आली की ओढाताण संपते, कारण ओढायला काही उरतच नाही. व्यवस्था बाईच्या फुकट कामावर किती उभी आहे, ते तेव्हा उघडं पडतं.

माहेरची वाट

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. सातव्या महिन्यात ओटी भरायची आणि लेकीला घेऊन यायचं. या रीतीत माहेरच्यांवर खर्चाचा बोजा पडतो, त्यावर आपण पूर्वी टीका केलेली आहे आणि ती बरोबरच आहे. पण माहेरात आणखी एक गोष्ट असते. "मी दमले" असं म्हणायची मुभा असते. ते कुणी कुणाला जाऊन सांगत नाही.

परदेशात असलेल्या बाईला ही वाट विमानाने जाते, आणि विमानाला नियम असतात. एकच बाळ पोटात असेल तर बहुतेक विमान कंपन्या ३६ आठवड्यांपर्यंत नेतात. जुळं असेल तर ३२ आठवड्यांपर्यंतच. २८ आठवड्यांनंतर डॉक्टरांचं पत्र लागतं. म्हणजे सातवा महिना भरेपर्यंत वाट बंद व्हायला येते. त्यातून ती गेलीच, आणि बाळं भारतात जन्मली, तर परत येताना दोन्ही बाळांचे पासपोर्ट आणि व्हिसा. शिवाय विमानात एका मोठ्या माणसाच्या मांडीवर एकच बाळ घेता येतं. दुसऱ्यासाठी वेगळं तिकीट आणि विमानात चालणारी खुर्ची, नाहीतर सोबत दुसरं मोठं माणूस. एकटी आई दोन तान्ही मांडीवर घेऊन चढूच शकत नाही. नियम सुरक्षिततेचा आहे, मी त्याला नावं ठेवत नाही. पण परिणाम असा, की जुळ्यांची आई बहुधा तिथेच बाळंत होते आणि पुढे वर्ष-दोन वर्षं तिथून हलत नाही.

वार एक की दोन?

आता दवाखान्याकडे येऊ. जुळं आहे हे कळल्यावर सगळे विचारतात, "दोघं सारखे दिसणार का?" डॉक्टर विचारतात वेगळाच प्रश्न: वार एक आहे की दोन? प्रत्येक बाळाची वार स्वतंत्र असेल तर धोका त्यामानाने कमी. एकाच वारेवर दोन्ही बाळं पोसत असतील, तर साधारण १०० पैकी १० ते १५ गर्भारपणांत एका बाळाचं रक्त दुसऱ्याकडे जास्त वाहू लागतं. एक सुकतं, दुसरं फुगतं, आणि वेळीच लक्ष दिलं नाही तर दोघंही दगावू शकतात. म्हणून एक वार असलेल्या बाईची सोनोग्राफी १६ व्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी करायची, असं तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या मार्गदर्शनात आहे. वारा दोन असतील तर २० व्या आठवड्यापासून दर चार आठवड्यांनी.

आणि वार एक की दोन, हे सगळ्यांत नीट दिसतं ते ११ ते १४ आठवड्यांच्या सोनोग्राफीत. पुढे ते ओळखणं कठीण होत जातं. हे मी इतक्या तपशिलात का सांगते? आपल्याकडच्या कितीतरी मुली चौथ्या-पाचव्या महिन्यात नवऱ्यामागे परदेशी जातात. बॅगेत गोडा मसाला असतो, कुकर असतो, आणि पहिल्या सोनोग्राफीचा कागद सासरी कपाटात राहतो. तुमच्यापैकी कुणाची मुलगी, सून, भाची अशी निघाली असेल तर तिला सांगा: मसाला राहिला तरी चालेल, तो कागद ने. त्यावर वारेबद्दल काही लिहिलेलं नसेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारून लिहून घे.

बाळंतपण कधी, याचंही तिथे ठरलेलं आहे. काही गुंतागुंत नसेल तर दोन वारांचं जुळं ३७ व्या आठवड्यात, एका वारेचं ३६ व्या, आणि तिळं ३५ व्या आठवड्यात जन्माला घालावं असं सुचवतात. पण १०० पैकी साधारण ६० जुळी ३७ आठवड्यांच्या आतच आपणहून येतात. म्हणजे "नऊ महिने नऊ दिवस" हा आपला हिशेब इथे लागू नाही. बारशापर्यंतची सगळी तयारी सातव्या महिन्यात हवी.

दुभाषी नवरा

जुळं म्हणजे सिझेरियनच, असा आपल्याकडे समज आहे. पुढचं बाळ डोक्याकडून असेल आणि बाकी सगळं ठीक असेल, तर नैसर्गिक बाळंतपण आणि सिझेरियन या दोन्ही वाटा तिच्यापुढे ठेवल्या पाहिजेत, असं तिथलं मार्गदर्शन सांगतं. २०१५ साली ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने मॉन्टगोमेरी खटल्यात स्पष्ट केलं, की डॉक्टरने बाईला महत्त्वाचे धोके आणि दुसरे पर्याय सांगितलेच पाहिजेत. ही बाई मधुमेही होती, नैसर्गिक बाळंतपणातला तिला असलेला धोका तिला सांगितला गेला नव्हता आणि बाळाला कायमची इजा झाली होती. निर्णय तिचा आहे, असं न्यायालयाने म्हटलं.

कायदा छान आहे. पण निर्णय तिचा असायला तिला सांगितलेलं समजलं पाहिजे. मी एका मुलीबरोबर गेले होते, ती कोल्हापूरकडची. डॉक्टर पाच मिनिटं बोलल्या. नवऱ्याने मराठीत सांगितलं, "सिझर करायचं म्हणतायत." मी ऐकत होते. डॉक्टर म्हणाल्या होत्या, दोन्ही शक्य आहे, तुम्हाला काय हवं? नवरा वाईट नव्हता, घाबरलेला होता. त्याला जे सुरक्षित वाटलं ते त्याने डॉक्टरांच्या तोंडी घातलं. पण पोट तिचं होतं.

तिथल्या सरकारी दवाखान्यात दुभाषी मागायचा हक्क आहे, तो फुकट असतो, आणि नातेवाइकाने दुभाष्याचं काम करू नये असंच अपेक्षित आहे. लेस्टरमध्ये गुजराती दुभाषी लगेच मिळते, कारण १९७२ साली इदी अमीनने युगांडातून हाकललेली हजारो कुटुंबं तिथे आली आणि बरीचशी गुजराती होती. मराठी बाईला मग हिंदी किंवा गुजराती दुभाषी देतात, आणि ती "चालेल" म्हणते. आपल्याला सगळं चालतं! कळा येत असताना, भीती वाटत असताना माणूस स्वतःच्याच भाषेत बोलतं. मराठी दुभाषी फोनवरही मिळू शकते, फक्त आधी मागून ठेवावी लागते.

हा नुसता सोयीचा प्रश्न समजू नका. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या तिथल्या मातामृत्यूंच्या अहवालात आशियाई वंशाच्या स्त्रियांचा मृत्युदर गोऱ्या स्त्रियांच्या जवळजवळ दुप्पट दिसला, आणि काळ्या स्त्रियांचा चौपटीहून जास्त. दवाखाना तोच, डॉक्टर तेच. मग फरक कुठून येतो? कुणाचं दुखणं खरं मानलं जातं आणि कुणाचं "ही बाई उगाच ओरडते" म्हणून सोडून दिलं जातं, हा प्रश्न तिथल्या स्त्रिया आज विचारत आहेत. आपणही विचारला पाहिजे.

रजेचं गणित

आता मोजणीच्या मुख्य मुद्द्याकडे. ब्रिटनमध्ये नोकरदार बाईला ५२ आठवड्यांची बाळंतपणाची रजा मिळू शकते आणि त्यातले ३९ आठवडे काही ना काही पैसे मिळतात. पहिले सहा आठवडे पगाराच्या ९० टक्के, पुढे ठरलेली छोटी रक्कम. भारताच्या मानाने रजा मोठी आहे. पण एक बाळ असो, दोन असोत की तीन, रजा तेवढीच आणि पैसेही तेवढेच. बापाला दोन आठवडे, तेही बाळांच्या संख्येवर अवलंबून नाहीत.

माझ्या मुली अपुऱ्या दिवसांच्या म्हणून काचेच्या पेटीत होत्या, साडेतीन आठवडे. बाळ लवकर आलं तर रजा जन्माच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू होते. म्हणजे माझी रजा चालू झाली तेव्हा बाळं माझ्याजवळ नव्हतीच. मी दर तीन तासांनी यंत्राने दूध काढत होते आणि बसने ते दवाखान्यात नेत होते. नवऱ्याची दोन आठवड्यांची रजा संपली तेव्हा दोघी आतच होत्या. त्या घरी आल्या सोमवारी, आणि त्याच सोमवारी तो कामावर होता.

हे बदललं, आणि आपोआप बदललं नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या आईबापांनी आणि त्यांच्या संघटनांनी वर्षानुवर्षं रेटा लावला. २०२३ साली ब्रिटिश संसदेने कायदा केला आणि ६ एप्रिल २०२५ पासून तो लागू झाला. जन्मापासून २८ दिवसांच्या आत बाळ दवाखान्यात भरती झालं आणि सलग सात दिवस किंवा जास्त राहिलं, तर आईला आणि बापाला प्रत्येकी १२ आठवड्यांपर्यंत जादा रजा मिळते. ही फार मोठी गोष्ट आहे. तरीही दोन बाळं आत असली तरी कमाल मर्यादा १२च. इथेही मोजणी अडली ती अडलीच.

मग असं मोजता येतच नाही का? येतं. फ्रान्समध्ये पहिल्या बाळाला १६ आठवड्यांची रजा, जुळ्यांना ३४, तिळ्यांना ४६. जर्मनीत बाळंतपणानंतर सक्तीची विश्रांती आठ आठवडे, जुळ्यांच्या आईला बारा. स्वीडनमध्ये आईबापांना मिळून ४८० दिवस, आणि एकाच वेळी जन्मलेल्या प्रत्येक जादा बाळामागे आणखी १८० दिवस. दुसरीकडे अमेरिका. तिथला १९९३ चा कायदा १२ आठवड्यांची बिनपगारी रजा देतो, तीही ५० किंवा जास्त माणसं कामाला असणाऱ्या ठिकाणी. जुळं झालं तरी बाराच.

आणि आपण? आपल्या कायद्याने २०१७ मध्ये रजा १२ वरून २६ आठवड्यांवर नेली, त्याचं स्वागत आपण केलं. जुळ्यांना मात्र जादा काही नाही. एकच बाळंतपण धरलं जातं. पण गंमत पुढे आहे. ज्या बाईला दोन किंवा जास्त मुलं हयात आहेत तिला पुढच्या बाळंतपणाला फक्त १२ आठवडे. म्हणजे पहिल्याच खेपेला जुळं झालेली बाई दुसऱ्यांदा गर्भार राहिली, की कायद्याला एकदम तिची दोन मुलं दिसतात. रजा देताना जुळं एक, कापताना दोन! बाईच्या कामाची मोजणी नेहमी अशीच होते. परदेशाकडे बोट दाखवताना हे विसरून चालणार नाही.

आजीचा व्हिसा

रजा पुरत नाही, नवरा कामावर, मग काय करतात? आईला बोलावतात. नाहीतर सासूला. ब्रिटनचा पाहुण्यांचा व्हिसा साधारणपणे सहा महिन्यांचा. बहुतेक घरांत पाळी लावलेली असते: आधी हिची आई सहा महिने, मग त्याची आई सहा महिने. विमानतळावर एक आजी उतरते आणि दुसरी चढते.

या आज्यांबद्दल आपण कधी बोलत नाही. साठी उलटलेली बाई, गुडघे दुखतायत, इंग्रजी येत नाही, बाहेर बर्फ. ती डिंकाचे-आळिवाचे लाडू घेऊन येते आणि दुसऱ्या दिवसापासून रात्रीचं एक बाळ तिच्याकडे. स्वतःच्या घरी नवऱ्याचं पथ्य, शेतीवाडी, दुसऱ्या सुनेची मुलं सगळं सोडून आलेली असते. पाहुणीच्या व्हिसावर नोकरी करता येत नाही हे उघड आहे, नातवंडांना थोडे दिवस सांभाळणं चालतं. पण ती करते ते काम नाही तर काय? कायदा त्याला भेट म्हणतो, घर त्याला माया म्हणतं. दाम कुणीच देत नाही. आजारी पडली तर तिथल्या दवाखान्याचं बिल येतं, म्हणून ती दुखणं अंगावर काढते. परदेशात मुलगा-मुलगी दोघं कमावतात असं आपण कौतुकाने सांगतो, तेव्हा त्या संसाराच्या पायात दोन म्हाताऱ्या बायकांचे गुडघे आहेत, हे सांगायचं राहून जातं.

प्रत्येक कागद दोनदा

कागदपत्रांचा त्रास परदेशी सगळ्यांनाच असतो, जुळ्यांच्या आईला दुप्पट. थोडक्यात सांगते, कारण याचा उपयोग कुणाला तरी होईल.

इंग्लंडमध्ये जन्माची नोंद ४२ दिवसांत करावी लागते. तिथल्या दाखल्यावर जन्मवेळ एरवी लिहीत नाहीत, जुळ्यातिळ्यांच्या दाखल्यावर मात्र लिहितात, कोण आधी हे कळावं म्हणून. पत्रिकावाल्यांची सोय!

तिथे जन्मलं म्हणजे मूल ब्रिटिश झालं, असं अनेकांना वाटतं. १९८३ पासून तसं नाही. आईबापांपैकी एकजण ब्रिटिश किंवा तिथे कायमचा स्थायिक असेल तरच मूल जन्मतः ब्रिटिश. नोकरीच्या व्हिसावरच्या जोडप्याचं मूल भारतीय, आणि तेही भारतीय वकिलातीत एका वर्षाच्या आत नोंद केली तर. वर्ष उलटलं की केंद्र सरकारची परवानगी लागते. मग पासपोर्ट, मग व्हिसा. व्हिसाबरोबर आरोग्यसेवेचा अधिभार, फेब्रुवारी २०२४ पासून लहान मुलाला वर्षाला ७७६ पौंड. तीन वर्षांचा व्हिसा आणि दोन बाळं, म्हणजे ४,६५६ पौंड, व्हिसाची फी वेगळीच. अधिभार भरलेल्या आईबापांच्या बाळाला पहिले तीन महिने सरकारी उपचार फुकट असतात, नंतर नाहीत. म्हणून ज्या तीन महिन्यांत बाईला झोप नाही, त्याच तीन महिन्यांत हे सगळे अर्ज करायचे.

आणखी एक. अशा व्हिसावर "सरकारी मदत घेता येणार नाही" असा शिक्का असतो. त्या भीतीने बायका काहीच मागत नाहीत. मुलांसाठीचा सरकारी भत्ता त्या बंदीत येतो, हे खरं. पण बाळंतपणाच्या रजेचे पैसे त्यात येत नाहीत. ते तिच्या नोकरीतून मिळवलेले आहेत. नोकरी मधे बदलली म्हणून मालकाकडून मिळत नसतील, तर सरकारचा वेगळा बाळंतपण भत्ता असतो, तोही बंदीत नाही. हे माहीत नसल्याने हक्काचे पैसे सोडून दिलेल्या बायका मी पाहिल्या आहेत.

दोघी मुली

माझ्या मुली झाल्याचं कळवलं तेव्हा एका नातेवाइकांनी विचारलं, "दोन्ही?" एवढाच शब्द. भारतात १९९४ च्या कायद्याने गर्भाचं लिंग सांगायला बंदी आहे. इंग्लंडमध्ये विचारलं तर साधारण पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत सांगतात. त्यामुळे "दोन्ही?" हा शब्द काही जणींना चार महिने आधीपासून ऐकावा लागतो, रोज रात्री फोनवर. एकेक मुलगी झाली असती तर "पुढच्या वेळी बघू" म्हणून तरी सोडलं असतं. दोन एकदम झाल्या की जणू संधीच संपली. समुद्र ओलांडला म्हणून मुलगा हवा ही ओढ सुटत नाही, ती फोनवरून येते.

जुळ्यांच्या आयांना बाळंतपणानंतरचं नैराश्य इतरांपेक्षा जास्त गाठतं. तिथली बाळंतीण एक-दोन दिवसांत घरी पाठवतात. सुईण आणि नंतर आरोग्यसेविका घरी येतात, त्या विचारतात, "कशी आहेस?" बाजूला नवरा, सासू. ती म्हणते, "फाइन." तो एक इंग्रजी शब्द सगळ्यांना येतो. म्हणून आम्ही आता बायकांना सांगतो, सुईणीशी पाच मिनिटं एकटीने बोलायचं आहे असं म्हणा, तो तुमचा हक्क आहे.

घरात मारहाण असेल तर दोन तान्ही घेऊन बाई जाणार कुठे? व्हिसा नवऱ्याच्या नोकरीवर, बाळांचे पासपोर्ट त्याच्या कपाटात. तिथे १९७९ पासून काम करणाऱ्या साउथॉल ब्लॅक सिस्टर्ससारख्या संघटनांनी हा प्रश्न लावून धरला. आधी फक्त तिथे स्थायिक असलेल्यांच्या बायकांना तात्पुरता आसरा आणि सरकारी मदत मिळे. २०२४ पासून नोकरीच्या आणि शिक्षणाच्या व्हिसावरच्यांच्या जोडीदारांनाही तीन महिन्यांपुरती ती मागता येते. तीन महिन्यांनी काय, हा प्रश्न उरतोच. पण दार किलकिलं झालं आहे, आणि ते बायकांनीच ढकललं आहे.

मग करायचं काय?

काही गोष्टी आजच करता येतील. जाणाऱ्या मुलीला सोनोग्राफीचा कागद आणि ही माहिती द्या. तिला सांगा की मदत मागणं म्हणजे भीक नव्हे. लेस्टरमध्येच १९७३ साली होम-स्टार्ट नावाचं काम सुरू झालं. लहान मुलं असलेल्या घरी एक स्वयंसेविका आठवड्यातून काही तास येते. माझ्याकडे येणारी बाई निवृत्त शिक्षिका होती. ती एक बाळ घ्यायची आणि मला म्हणायची, "जा, अंघोळ कर." त्या अंघोळीचं मोल मी सांगू शकत नाही. जुळ्यातिळ्यांच्या आईबापांची ट्विन्स ट्रस्ट ही संस्थाही आहे, १९७८ पासूनची. आणखी एक सांगा: अपुऱ्या दिवसांचं किंवा अडीच किलोच्या आतलं बाळ कुशीत घेऊन एकाच अंथरुणात झोपू नये, जीवाला धोका असतो असं तिथले डॉक्टर निक्षून सांगतात. आपल्या सवयीच्या हे उलट आहे, म्हणून आधीच सांगितलेलं बरं.

परदेशातल्या मराठी मंडळींनाही सांगायचं आहे. गणपती बसवता, दिवाळी अंक काढता, उत्तम. गावात जुळं जन्मलं तर दोन महिने रात्रीची पाळी लावा की. तिच्या आईची वाट बघत बसू नका. आणि पाळीत पुरुषांचीही नावं घाला. बाटली धुवायला, दुपटी बदलायला बाईच लागते असं कुठल्या शास्त्रात लिहिलंय?

पण एकमेकींना धरून राहण्याने सगळं भागत नाही. मागणी कायद्याकडेच करायला हवी. इंग्लंडमध्ये आम्ही ती करतो आहोत: रजा आणि पैसे बाळांच्या संख्येप्रमाणे, आईलाही आणि बापालाही. तीच मागणी इथेही व्हायला हवी. कापड गिरणीतली, अंगणवाडीतली, ऊस तोडणारी बाई जुळ्यांची आई होते तेव्हा तिच्याकडे तर विमानाने येणारी आजीही नसते. तिचं दुसरं बाळ कुणाच्या हिशेबात आहे? आपण आपल्या मागण्यांच्या यादीत हे एक कलम घालू या: जितकी बाळं, तितकं काम, जितकं काम, तितकी रजा. आणि ऊसतोडीच्या बाईला मुळात रजाच नाही, तिच्यापासून सुरुवात करू या.